माडावर चढणार, पैसे द्या

चवथीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून पातोळ्या खाता खाता भाच्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. पुढच्या वर्षी त्याला तीस पुरी होतात. त्याआधी तीस गोष्टी करून दाखवायच्या, अशी यादी त्याने केली होती. प्रत्येक गोष्टीमागे ओळखीच्यांनी काही रक्कम लावायची आणि सगळा पैसा फोंड्याजवळच्या एका लहान वृद्धाश्रमाला द्यायचा. त्या आश्रमाचा मी नऊ वर्षे खजिनदार आहे, म्हणून यादी आधी माझ्याकडे आली. सायकलने गोव्याचे बाराही तालुके. दिवाडी बेटाला पायी फेरी. टक्कल. आठवडाभर मोबाईल बंद. विमानातून उडी. माडावर चढणे. महिनाभर मासे वर्ज्य.

"मामा, तूं कितले दितलो?" त्याने विचारले.

मी तोंड उघडायच्या आत स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, "आमी दर श्रावणांत नुस्तें सोडटांव, आमकां कोणें पयशे दिल्यात?"

सगळे हसले. तोही हसला आणि माशांचे कलम त्याने तिथेच खोडले. पण बहिणीचा प्रश्न काही खोडला गेला नाही. दर श्रावणात अर्धा गोवा शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतो, आषाढीला इथून दिंड्या पंढरीची वाट चालतात, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड म्हणवणारे व्रतस्थ भक्त पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांतून जातात. शरीराला कष्ट देऊन काही पुरे करणे आपल्याला नवे नाही. नवे एवढेच, की ते करताना शेजाऱ्यापुढे क्यूआर कोड धरायचा. नवसात मागणे देवाकडे असते आणि फेड स्वतःची. इथे फेड स्वतःची, मागणे मात्र व्हॉट्सॲपवरच्या दोनशे जणांकडे. मग याला काय म्हणायचे?

मी या प्रकाराच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. बाजूचा आहे, पण काही अटींवर, आणि त्या अटी मला खजिनदाराच्या खुर्चीने शिकवल्या आहेत.

विरोधकांचे म्हणणे साधे आणि रास्त आहे. तुला सायकल चालवायची हौस आहे, तर चालव. वृद्धांना मदत करायची आहे, तर कर. एकाला दुसऱ्याची शेपटी का जोडतोस? तू दिवाडीला फेरी मारल्याने आश्रमातल्या कुणाचा गुडघा दुखायचा थांबत नाही. मला द्यायचे असेल तर मी असेच देईन, तू घाम गाळायची गरज नाही.

ऐकायला बिनतोड वाटते. अडचण एकच, की "असेच देईन" म्हणणारे असेच देत नाहीत. पावती पुस्तक घेऊन मी बाजारात दुकानोदुकानी फिरलो आहे. दुकानदार आधी पुस्तकाकडे बघतो, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, जणू त्यात आजच्या तारखेला देणगीची मनाई छापली आहे. नोकर सांगतो, शेट भायर गेला. शेट आतल्या खोलीत खोकत असतो. हे लोक कंजूष नसतात. त्यातल्याच एकाने पुढे आश्रमाच्या छपराचे सगळे पत्रे एका फोनवर दिले, तेही त्याच्या मुलाच्या लग्नात कुणीतरी विषय काढला म्हणून. मागणाऱ्याला लाज वाटते, देणाऱ्याला अवघडल्यासारखे होते आणि मधे बोलायला विषय नसतो. निमित्त सापडले की दोघेही सुटतात.

निमित्तांची ही कला गोव्याला उत्तम साधली आहे. देवळात पावणी, म्हणजे देवापुढच्या वस्तूंची बोली, होते तेव्हा देवापुढचे एक केळीचे घड बाजारभावाच्या कितीतरी पटींनी जाते. घेणाऱ्याला केळी नको असतात, देवस्थानला पैसे हवे असतात, आणि बोली चढते तशी मंडपात मजा येते. चर्चच्या फेस्ताला हेच लिलावात चालते. आपण रोज वापरतो तो "लिलाव" हा शब्दच पोर्तुगीज "लेलांव"वरून मराठीत आला. चढाओढीने दान करायची रीत आमच्याकडे इतकी मुरली आहे, की तिचा शब्दसुद्धा आम्ही समुद्रापलीकडून येऊ दिला. तेव्हा केळ्याच्या घडावर बोली लावणाऱ्या गावाने भाच्याच्या टकलावर बोली लावली तर तत्त्वाने काय बिघडते, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

जगाच्या पाठीवर या निमित्तांनी काय काय केले, तेही बघा. कॅनडाचा टेरी फॉक्स अठरा वर्षांचा असताना हाडाच्या कर्करोगाने त्याचा उजवा पाय गेला. १९८० च्या एप्रिलमध्ये तो कृत्रिम पायावर देशाच्या पूर्व टोकापासून धावत निघाला, रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि आजार फुप्फुसांत पसरल्याने त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. देशातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. लोकसंख्या होती दोन कोटी चाळीस लाखांच्या आसपास, आणि तो हयात असतानाच तेवढे डॉलर जमले. २०१४ च्या उन्हाळ्यात डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याचे खूळ आले होते, आठवत असेल. आपण त्याला हसलो. हैदराबादच्या एका पत्रकार महिलेने तर पाणी आणि बर्फ वाया घालवण्यापेक्षा गरजूला बादलीभर तांदूळ द्या, अशी देशी आवृत्ती काढली, ती मला फार आवडली होती. पण त्या बर्फाच्या खुळातून एएलएस या मज्जापेशी निकामी करणाऱ्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेकडे साडेअकरा कोटी डॉलर आले. २०१६ मध्ये या आजाराशी संबंधित एका जनुकाचा शोध लागला, त्या संशोधनाला यातलाच पैसा लागला होता. हसणाऱ्यांनी, म्हणजे मी धरून, तेव्हा कुणालाच काही दिले नव्हते.

तर निमित्त वाईट नाही. निमित्ताला मखरात बसवले की बिघडायला सुरुवात होते.

आश्रमाच्या मागच्या पडवीत सात चाकांच्या खुर्च्या घडी करून ठेवल्या आहेत. काही वर्षांपूर्वी एका क्लबने आमच्यासाठी मोठी पदयात्रा काढली. छापील टी-शर्ट, कमान, वरून चित्रण करणारा ड्रोन, समारोपाला पाहुणे आणि भाषणे. शेवटी फोटो काढून आम्हाला खुर्च्या दिल्या. आश्रमाचे घर जुने आहे, कौलारू. न्हाणीघरांची दारे दोन फुटांची. खुर्ची सव्वादोन फुटांची. पहिल्याच दिवशी आश्रमात काम करणाऱ्या आमच्या मावशींनी एका आजोबांना खुर्चीतून न्हाणीच्या दारापर्यंत नेले आणि तिथे उचलून आत घेतले. आधीही त्या उचलूनच नेत असत. वाढ झाली ती फक्त खुर्ची ढकलण्याची. आम्हाला सुतार हवा होता, चौकट काढून दार सहा इंच रुंद करणारा. पण सुताराबरोबर फोटो कोण काढणार? खुर्च्यांबद्दल आभाराचे पत्र मीच लिहिले, तेव्हा यात माझाही वाटा आहे. नको म्हणायची सोय घेणाऱ्याकडे नसते.

यातून मला कळले ते असे, की आव्हान जितके देखणे तितकी देणगीही देखणी व्हायला बघते. लहान संस्थेचा खर्च मात्र कुरूप असतो. मोठ्या माणसांचे डायपर. रात्रपाळीच्या बाईचा पगार. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून वाढलेले विजेचे बिल. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यायचे तर गाडीचे पेट्रोल आणि सकाळी सातपासून ओपीडीच्या रांगेत उभा राहणारा एक धडधाकट माणूस. सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने मोठ्या उपचारांचा भार पुष्कळ हलका केला, हे खरे. पण त्या योजनेचे कार्ड घेऊन म्हाताऱ्या माणसाबरोबर जाणार कोण, हा खर्च कुठल्याच योजनेत बसत नाही.

म्हणून माझी पहिली अट आहे हौसेचा खर्च स्वतःच्या खिशातून करण्याची. मिरामारला आयर्नमॅनची अर्धी स्पर्धा २०१९ पासून होते आहे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणे. ती पुरी करणाऱ्याला माझा नमस्कार आहे, मी मिरामारला भेळ खाऊन परत येणारा माणूस. पण तिथली सायकलच लाखाच्या घरात असते, वर फी, सराव, राहणे. हे सगळे करून कुणी संस्थेसाठी पैसे जमवत असेल तर उत्तमच. जमलेल्या पैशातून आधी फी वजा झाली, तर मात्र ती स्पर्धा वृद्धांच्या खर्चाने झाली. भाच्याच्या यादीत विमानातून उडी होती. तिचा खर्च त्याने "संकलनातून" दाखवला होता. मी म्हटले, उडी तुझी, पैसे तुझे. उडी रद्द झाली. उत्साह किती खरा आहे ते असे झटकन कळते.

दुसरी अट हिशेबाची. लोक तिला रूक्ष म्हणतात, म्हणून मी जरा लांबण लावणार आहे. भाच्याने क्यूआर कोड दिला होता तो स्वतःच्या खात्याचा. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, पण पैसा एकदा त्याच्या खात्यात आला की कागदावर तो त्याचा. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात मिळून ५०,००० रुपयांवर रक्कम आली तर आयकर खाते ती त्याचे उत्पन्न धरू शकते, आणि मग वृद्धांच्या नावाने जमवलेल्या पैशावर हा कर भरत बसणार. देणाऱ्याचेही नुकसानच. देणगी थेट नोंदणीकृत संस्थेकडे गेली तरच देणगीवरची आयकर सवलत मिळते, तीही जुन्या करप्रणालीत असणाऱ्यालाच, आणि रोख असेल तर २,००० रुपयांपर्यंतच. भाच्याला वाटले मी खुसपट काढतो आहे. पण पैसा थेट आश्रमाच्या खात्यात आणि पावती आश्रमाची, असे झाले तर कुणाला संशय घ्यायला जागाच उरत नाही. नाहीतर गोव्यासारख्या चुलत्याच्या मेव्हण्याला ओळखणाऱ्या प्रदेशात कुजबुज सुरू व्हायला एक चहा पुरतो. काही संकेतस्थळे देणगीच्या खाली हळूच स्वतःसाठी टिप आधीच भरून ठेवतात. तो आकडा शून्य करता येतो, हे म्हाताऱ्या देणगीदारांना माहीत नसते.

हिशेब हा संशयखोरांचा छंद आहे असे वाटणाऱ्यांनी ब्रिटनचे कॅप्टन टॉम मूर आठवावेत. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, शंभरावा वाढदिवस तोंडावर आलेला हा माजी सैनिक वॉकर धरून आपल्या बागेत फेऱ्या मारू लागला. पंचवीस मीटरची एक, अशा शंभर फेऱ्या, आरोग्यसेवेशी संबंधित धर्मादाय संस्थांसाठी. हजार पौंड जमले तरी पुरे, असे ठरले होते. जमले तीन कोटींहून अधिक. तो पैसा नीट पोचला. पण पुढे त्यांच्या नावाने कुटुंबीयांनी जे प्रतिष्ठान काढले, त्याच्या कारभाराची ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात कारभार पाहणाऱ्या कुटुंबीयांवर गैरवर्तनाचा ठपका ठेवला. आता त्या आजोबांचे नाव निघाले की लोकांना आधी ठपका आठवतो, मग फेऱ्या. टेरी फॉक्सच्या नावाने दरवर्षी जगभर धावतात तिथे मात्र प्रवेश फी नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. त्याने स्वतःही धावताना कुठल्याच कंपनीची जाहिरात अंगावर घेतली नव्हती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर त्याचे नाव स्वच्छ आहे त्याचे एक कारण हेही असणार.

जिवाशी खेळ नको, ही अट सांगायलाही नको. पावसाळ्यात आपला समुद्र पोहायला बंद असतो, तरी कुणीतरी उतरतोच, आणि मग त्याच्यामागे किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला उतरावे लागते. त्या दानाचा हिशेब त्या जीवरक्षकाच्या घरच्यांना विचारा.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. अर्धी यादी संस्थेने लिहावी.

आव्हान "वैयक्तिक" असते म्हणजे काय, तर ते मी निवडलेले असते. मला न आवडणारे त्यात सहसा येत नाही. माणूस थंड पाण्याने आंघोळ निवडेल, पण दुसऱ्याला आंघोळ घालणे निवडणार नाही. म्हणून मी भाच्याला म्हटले, पंधरा तुझ्या ठेव, पंधरा आमच्या मावशी सांगतील. मावशी पंधरा वर्षे आश्रमात आहेत, लिहिता येते पण लिहायला वेळ नाही, तेव्हा त्यांनी भाजी निवडत सांगितले आणि मी लिहून घेतले. चार वेळा गोमेकॉला जाणे. दोन रात्री जागणे. ऐकू न येणाऱ्या एका आजींशी एक दुपार बोलणे. सगळ्यांच्या आधार कार्डांचा घोळ निस्तरणे. पाण्याची टाकी आतून घासणे. आणि पंधरावे, "वर्षभर दर महिन्याला दोनशे रुपये देणारी चाळीस माणसे आणून दे, एकदाच लाख देणारा एक नको."

हे शेवटचे मावशींनी कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाशिवाय सांगितले. पगार दर महिन्याला द्यावा लागतो, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. कधीकधी त्यांचाच थांबलेला असतो. मराठी माणसाला हे नवे वाटू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड काढला आणि १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. महर्षी धोंडो केशव कर्वे सत्तरीत पोचल्यावर, १९२९ मध्ये, परदेशाच्या दौऱ्यावर निघाले, आपल्या महिला विद्यापीठाची माहिती देत आणि निधी जमवत. त्या वयातली ती आगबोटीची वारी कुठल्याही यादीत सहज शोभली असती. पण लोकांनी पैसे दिले ते त्यांच्या प्रवासासाठी नव्हे. मागे तीस-बत्तीस वर्षांचे, कुणी टाळ्या न वाजवलेले काम होते, आणि दारात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला ते काम चिकटलेले दिसत होते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो मला छळतो. अटी वाढवल्या तर पोरे करणारच नाहीत. बर्फाच्या बादलीला मावशींची यादी जोडली असती तर साडेअकरा कोटी डॉलर जमले असते का? नसते. खूळ पसरते ते सोपे असते म्हणूनच. देशभर पसरायचे असेल तर माझा उपाय कुचकामी आहे, हे कबूल. पण गोव्यातल्या सव्वीस माणसांच्या आश्रमाला देशभर पसरायचे नाही. त्याला फोंड्यापासून माशेलपर्यंत ओळखणारी चाळीस घरे हवीत, आणि त्या घरांना यादी पुरी करणारा पोरगा आपल्या डोळ्यांनी रांगेत उभा दिसायला हवा. पसरणे आणि टिकणे यांतले लहान संस्थेने काय निवडावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भाच्याचे पुढे काय झाले, असे विचाराल. आतापर्यंत एकवीस झाल्या. बाराही तालुके झाले, टक्कल झाले (आईने चार दिवस बोलणे टाकले होते). गोमेकॉच्या पहिल्या खेपेला तो वैतागून परत आला, म्हणाला, पाच तास बसलो आणि डॉक्टर दोन मिनिटे बोलले. दुसऱ्या खेपेला त्याने बरोबर डबा आणि पत्ते नेले. रांगेतल्या आजोबांनी त्याला सत्तर रुपयांना लुटले. ते सत्तर रुपये त्याने खर्चात दाखवले होते, मी काढून टाकले. दरमहा देणारी माणसे मिळाली सत्तावीस. त्यात सहा आधीच दोन महिने मागे आहेत.

माडाचे कलम दोन्ही याद्यांत होते, हे आम्हाला नंतर लक्षात आले. आश्रमाच्या आवारात नऊ माड आहेत. नारळ पाडणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर फोन उचलत नाही, आणि नारळ कधी वाळत घातलेल्या कपड्यांवर तर कधी छपरावर आपटतात. त्या बाजूच्या बाकावर बसायला मावशींनी सगळ्यांना बंदी घातली होती. भाच्याने चढायचे यंत्र उसने आणले, पाडेल्याच्या मुलाकडून दोन रविवार शिकला, आणि तिसऱ्या रविवारी पाच माड उतरवले. छाती आणि कोपरे सोलून निघाली. खाली सगळे पडवीत बसून बघत होते. ऐकू न येणाऱ्या आजी बोटांवर नारळ मोजत होत्या. त्र्याण्णव झाले. आजी म्हणाल्या, चौऱ्याण्णव, एक गटारात गेला तो कोण धरणार? मावशींनी साठ विकायला काढले, बाकीचे घरात ठेवले. त्या पैशांत थोडी भर घालून पुढच्या आठवड्यात सुतार आला. एक दार रुंद झाले आहे. चार माड आणि तीन दारे राहिली आहेत.